पाणी आधी, तंबू नंतर: सह्याद्रीतील अनेक दिवसांच्या भटकंतीचे नियोजन

सह्याद्रीतील एखादा किल्ला सकाळी चढून संध्याकाळी घरी परतणे निराळे आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन-चार दिवस डोंगररांगेने चालत राहणे निराळे. पहिल्या प्रकारात घरून भरून नेलेल्या बाटल्यांवर निभावते. दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या सकाळपासून प्रत्येक घोट वाटेवरच मिळवावा लागतो आणि रात्रीचा मुक्काम कोठे करायचा, हे पायांतील बळापेक्षा पाण्याच्या जागेवरून ठरते. तरीही नवख्या गटांचे नियोजन बहुधा उलट्या क्रमाने होते. रोज किती किलोमीटर चालायचे ते आधी ठरते, त्यावरून मुक्कामाची ठिकाणे निघतात आणि पाण्याच्या रकान्यात ‘वाटेत मिळेल’ एवढे लिहून विषय संपवला जातो. हा क्रम बदलावा. ज्या महिन्यात जायचे त्या महिन्यात खात्रीने पाणी असणाऱ्या जागा आधी शोधाव्यात, त्यांतून मुक्काम निवडावेत आणि रोजची चाल त्या दोन जागांमधील अंतराएवढी ठेवावी. एखाद्या दिवशी ती चाल जेमतेम चार तासांची भरली तरी काही बिघडत नाही.

या लेखात उदाहरणादाखल रतनगड ते हरिश्चंद्रगड ही अकोले तालुक्यातील वाट घेतली आहे, कारण जंगलातील ओढा, गडावरील टाकी, वाडीतील विहीर आणि नदीचे पात्र असे पाण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या एकाच वाटेवर भेटतात. राजगड-तोरणा-रायगड असो वा जावळीच्या खोऱ्यातील वाटा असोत, विचार करण्याची पद्धत तीच राहते.

महिना कोणता, ते आधी सांगा

सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि खालचा काळा बेसाल्ट तो फारसा साठवून ठेवत नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये खळखळ वाहणारा ओढा जानेवारीत तुटक डबक्यांचा होतो आणि होळीच्या सुमारास त्याच पात्रात फक्त गोटे आणि पाचोळा उरतो. नोव्हेंबरात गेलेल्या माणसाने ‘वाटेत भरपूर पाणी आहे’ असे लिहिले असेल, तर ते नोव्हेंबरापुरतेच खरे मानावे. कोणाचेही भटकंतीचे वर्णन वाचताना प्रथम तारीख पाहावी. तारीख दिलेली नसेल, तर त्यातील पाण्याच्या माहितीवर विसंबू नये.

ढोबळ मानाने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ओढ्यांवर भिस्त ठेवता येते. जानेवारीपासून ओढे वजा करून केवळ टाकी, विहिरी, बारमाही झरे आणि खोल डोह हिशेबात धरावेत. एप्रिल-मे महिन्यांत वाडीच्या विहिरीही तळाला जातात, आणि अशा वेळी वाडीत पोहोचलो म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असे समजता येत नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या शहापूर तालुक्यातही उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत दहा जणांच्या गटाने विहिरीवर जाऊन आंघोळी उरकणे केवळ असभ्यपणाचे आहे. पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते पाणी मागावे, ते घरातील माणसाच्या हातून घ्यावे आणि जेवणाखाण्याचे पैसे देताना त्याचीही जाण ठेवावी.

पावसाळ्यातील भटकंतीत अडचण उलटी असते. पन्हाळा ते पावनखिंड या जुलैमधील वाटेवर पाणी अंगावरून, पायाखालून आणि बांधावरून वाहत असते, पण त्यातील बरेचसे भाताच्या खाचरांतून आलेले, गढूळ आणि शेणामातीचे असते. तिथे पिण्याचे पाणी वाडीतील घरातून किंवा नळावरून घेणेच योग्य, आणि मुक्कामही शाळेत किंवा कोणाच्या पडवीत करणेच शहाणपणाचे.

खडक वाचायला शिकणे

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांनी बनलेला आहे. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लालसर मातीसारखा एक पातळ पट्टा असतो, जो कड्यावर दुरूनही विटकरी रेघेसारखा दिसतो. वरच्या थरातील भेगांतून झिरपलेले पाणी या पट्ट्यापाशी अडते आणि आडवे सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर येते. झरे बहुधा कड्याच्या पायथ्याशी का सापडतात आणि एका डोंगराला ते साधारण एकाच उंचीवर का असतात, याचे कारण हे आहे. याचा व्यवहारात उपयोग असा की, एखाद्या कातळभिंतीच्या तळाशी ओल, शेवाळ किंवा नेचे दिसले, तर वर-खाली न शोधता त्याच पातळीवर आडवे जाऊन पाहावे; पुढच्या वळणावर वाहता झरा लागण्याची शक्यता बरीच असते.

महाबळेश्वर किंवा कास पठारासारख्या ठिकाणी माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी असते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून खाली मुरते आणि जांभा संपून काळा खडक सुरू होतो तिथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून अशा पठारांवर माथ्यावरचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, कोरडा ठणठणीत असतानाही थोडे खाली, झाडीच्या वरच्या काठाला पाणी मिळू शकते.

या थरांचा एक धोकाही ठाऊक असावा. सह्याद्रीचे ओढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, आणि त्यांतील एखादी पायरी शंभर-दोनशे फुटांची असू शकते. पाणी शोधत किंवा वाट चुकल्यावर ‘ओढ्याने खाली गेले की गाव लागेल’ या समजुतीने अनोळखी ओढ्यात उतरू नये. दोन छोटे कातळटप्पे घसरत उतरल्यावर तिसरा टप्पा सरळ कडा निघतो, आणि मागचे दोन पुन्हा चढता येत नाहीत. डोंगरात अडकलेल्यांना काढण्यासाठी बचाव पथकांना ज्या जागी जावे लागते, त्यांत अशा ओढ्यांचा वाटा मोठा आहे.

गडावरची टाकी

किल्ल्यांवरील खडकात खोदलेली टाकी हा या भटकंतीतील सर्वांत भरवशाचा साठा आहे; पण गडावर दहा टाकी आहेत याचा अर्थ दहा ठिकाणी पिण्याचे पाणी आहे, असा होत नाही. उघड्यावरील उथळ टाकी पावसाने भरतात, उन्हाने आटतात आणि मधल्या काळात त्यांत शेवाळ, पाचोळा आणि पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या साचतात. कातळाच्या पोटात आत खोदलेली, छताला आधार म्हणून मध्ये खांब ठेवलेली खांबटाकी मात्र सावलीत असतात. त्यांच्या पाण्यावर ऊन पडत नसल्याने बाष्पीभवन कमी होते आणि शेवाळही कमी धरते. उन्हाळ्याच्या अखेरीस ज्या गडावर पाणी टिकते, तिथे ते बहुतेक वेळा अशा टाक्यातच असते.

पिण्याचे टाके ओळखण्याच्या काही खुणा आहेत. काठावर दोरी बांधलेला डबा किंवा कापलेला कॅन ठेवलेला असेल, काठाशी येणारी पायवाट गुळगुळीत झालेली असेल आणि जवळपास जेवणाची खरकटी नसतील, तर गावातील लोक ते पाणी वापरतात असे समजावे. पाण्यात बारीक किडे किंवा मासे असणे हे वाईट लक्षण नव्हे. वास येत असेल, पृष्ठभागावर तेलकट तवंग असेल किंवा वरच्या कपारीत पारव्यांची घरटी असून विष्ठेचे पांढरे ओघळ पाण्यापर्यंत आले असतील, तर ते टाके सोडून द्यावे.

पाणी काढण्याची रीतही नीट असावी. टाक्यात कधीही उतरू नये. काठाचा दगड शेवाळामुळे निसरडा असतो, भिंती सरळ असतात आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. सोबत चार-पाच मीटर लांबीची बारीक दोरी आणि रुंद तोंडाचे हलके भांडे ठेवावे. भांडे पृष्ठभागावर हळूच आडवे करून तवंग बाजूला सारावा, मग ते वीतभर खाली बुडवून भरावे आणि तळाचा गाळ ढवळणार नाही अशा बेताने वर ओढावे. दुहेरी घडी केलेले सुती फडके बाटलीच्या तोंडावर धरून त्यातून पाणी ओतावे. तोंड धुणे, भांडी घासणे ही कामे भांड्यात पाणी घेऊन टाक्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला करावीत. साबणाचा एक हातही त्या पाण्याला लागू देऊ नये, कारण ते पाणी बदलत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच असते.

घरी बसून करायचे काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या प्रमाणात नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर होतो. नकाशात प्रवाहाची रेघ निळी असेल तर पाणी आणि काळी असेल तर कोरडे पात्र, असा साधारण संकेत आहे. विहिरी, तळी आणि वस्त्याही दाखवलेल्या असतात. मात्र सर्वेक्षणाचे वर्ष नकाशावर छापलेले असते आणि ते जरूर वाचावे. मधल्या काळात धरण झालेले असते, वाडी उठून दुसरीकडे बसलेली असते किंवा विहीर बुजलेली असते.

नकाशाच्या जोडीला उपग्रहचित्रे पाहावीत, आणि तीही मार्च-एप्रिलमधील. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे काढून पाहण्याची सोय आहे. पावसाळ्यानंतरच्या चित्रात सगळेच हिरवे दिसते आणि त्यातून काही कळत नाही. उन्हाळ्यातील पिवळ्या-करड्या डोंगरावर एखाद्या घळीत जो गडद हिरवा ठिपका उरतो, तिथे जमिनीत ओल आहे हे नक्की. आणि त्या ठिपक्याकडे दोन-तीन बाजूंनी पांढऱ्या पायवाटांच्या रेघा येऊन मिळत असतील, तर तिथे माणसे किंवा गुरे पाण्याला जातात, असा अंदाज बांधता येतो. अशी प्रत्येक जागा मोबाइलमधील नकाशावर खूण करून ठेवावी, तो नकाशा नेटवर्कशिवाय उघडेल असा आधीच उतरवून घ्यावा आणि शिवाय एका कागदावर पाण्याचा तक्ता लिहावा: ठिकाण, प्रकार, कोणत्या महिन्याची माहिती, कोणी सांगितली, आणि तिथून पुढचे पाणी किती तासांवर आहे. यातील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाटल्या किती भरायच्या हे त्यावरून ठरते.

कोणाला आणि कसे विचारावे

कोणत्याही नकाशापेक्षा त्या डोंगरात गुरे चारणारा माणूस जास्त जाणतो. मात्र प्रश्न नीट विचारला पाहिजे. ‘मामा, वर पाणी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हाय की’ असे येते, आणि ते खरेही असते, कारण गुरांना पुरेल एवढे पाणी वर असते. त्याऐवजी ‘मामा, या आठवड्यात तुम्ही स्वतः वर कोणत्या टाक्यातलं पाणी प्यालात?’ असे विचारावे. मग उत्तर ‘दरवाज्याच्या आतलं नको, त्यात पाला पडलाय, पुढं कपारीत दोन हायेत, त्यातलं उजवीकडचं’ इतके नेमके मिळते. गावातील बायकांना विचारणे अधिक चांगले, कारण पाणी आणण्याचे काम त्यांच्याच डोक्यावर असते आणि कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे त्यांना तोंडपाठ असते. ‘मावशी, मागच्या साली होळीला हा झरा होता का?’ हा प्रश्न पुष्कळ उपयोगी पडतो.

वेळेच्या बाबतीत मात्र गावकऱ्यांच्या आकड्यांना आपल्या पाठीवरील ओझ्याचा गुणाकार करावा. त्यांची अर्ध्या तासाची वाट आपल्याला तासाभराची समजावी. एकाच माणसाच्या सांगण्यावर न थांबता पुढच्या वाडीत तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत तर पाणी नाही असे धरून चालावे.

विचारायला कोणी नसेल तेव्हा जमीन काही सांगते. उंबर, जांभूळ, करंज आणि वाळुंज ही झाडे ओलीच्या आश्रयाने वाढतात; उघड्या उतारावर अचानक त्यांची दाटी दिसली तर तिथवर जाऊन पाहण्यात अर्थ आहे. कारवीच्या झुडपांवरून मात्र काहीच कळत नाही. गुरांच्या वाटा उतारावर पसरलेल्या असतात आणि पाण्याकडे जाताना एकमेकींना मिळत रुंद होत जातात. म्हणून दोन वाटा ज्या दिशेला एकत्र येतात ती दिशा धरावी. कोरड्या पडलेल्या नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रात, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे वाळू ओलसर आणि गडद दिसते तिथे गावकऱ्यांनी खणलेला झिरा आढळतो. हातभर खोलीचा तो खड्डा प्रथम गढूळ दिसतो. त्यातील साचलेले पाणी वाटीने हलक्या हाताने उपसून टाकावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. वाळूतून गाळून येणारे नवे पाणी बरेच स्वच्छ असते. निघताना झिऱ्यावर काट्याची फांदी किंवा सपाट दगड पूर्वी होता तसाच ठेवावा, नाहीतर रात्री जनावरे तो तुडवतात.

किती वाहायचे आणि कसे शुद्ध करायचे

थंडीत चालताना माणशी तीन लिटर पाणी पुरू शकते. फेब्रुवारीनंतर उन्हात दिवसभर चालायचे असेल तर चार ते पाच लिटर धरावे आणि संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी माणशी आणखी दीड-दोन लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे कोरड्या मुक्कामासाठी सगळे पाणी वाहून नेणे जिवावर येते. त्यावर एक चांगला उपाय आहे. दुपारी चारच्या सुमारास शेवटच्या पाण्यापाशी थांबून तिथेच मुख्य जेवण शिजवावे, भरपेट जेवावे, पाणी प्यावे, भांडी धुवावीत आणि मग पिण्यापुरते पाणी घेऊन तास-दीड तास पुढे जाऊन झोपावे. सकाळचा चहा सोडला तर मुक्कामी पाणी लागतच नाही. धारेवरच्या वाटांवर, उदाहरणार्थ राजगड-तोरणा जोडणाऱ्या डोंगरसोंडेवर, पाण्याचा भरवसा धरता येत नसल्याने ही पद्धत विशेष उपयोगी ठरते.

शुद्धीकरणात उकळणे सर्वांत खात्रीचे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे. दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे सांगितली जातात, पण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईच १६४६ मीटरचे असल्याने तो प्रश्न इथे येत नाही. क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात घालून निदान अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटी फिरवून, निवळू देऊन, गाळून मगच ते घालावे. काही परजीवींवर क्लोरीनचा परिणाम होत नाही, त्यामुळे जनावरांचा वावर असलेले पाणी उकळूनच प्यावे. खतांचे आणि कीटकनाशकांचे अंश मात्र उकळून जात नाहीत. शेताच्या खालच्या अंगाला वाहणारे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वरच्या बाजूला जाऊन घ्यावे.

मुक्कामाची जागा

सर्वप्रथम परवानगीचा विचार करावा. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतात आणि तिथे प्रवेशशुल्क भरावे लागते. अभयारण्यात आणि संरक्षित स्मारकांवर रात्री राहण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वनविभागाकडे आणि पायथ्याच्या गावात चौकशी करावी. मनाई असेल तर गावात राहावे. खरे सांगायचे तर परवानगी असली तरीही पायथ्याच्या वाडीतील मुक्काम मला अधिक पसंत आहे: पाणी आहे, भाकरी आहे, उद्याच्या वाटेची ताजी माहिती आहे आणि आपले पैसे योग्य घरात जातात.

वाडीजवळ तंबू लावायचा असेल तर डिसेंबरनंतर भाताची रिकामी खाचरे ही उत्तम जागा असते. ती सपाट असतात आणि बांधांमुळे थोडा आडोसाही मिळतो. मात्र मालकाला विचारूनच तिथे उतरावे आणि धसकटे मोडून सपाट केल्याशिवाय अंथरूण टाकू नये, नाहीतर तंबूच्या तळाला भोके पडतात. उन्हाळ्यात काही खाचरांत राब भाजण्यासाठी डहाळ्या, पाला आणि शेण रचून ठेवलेले असते. तिथे तंबू लावू नये आणि त्या ढिगातील काटक्या जळणासाठी उचलू नयेत. येत्या पावसाळ्यातील भाताच्या रोपांची ती तयारी असते. मंदिरात किंवा शाळेच्या ओसरीत राहायचे झाल्यास गावातील जबाबदार माणसाला विचारावे आणि सकाळी जागा झाडून द्यावी.

मोकळ्या डोंगरावर जागा निवडताना पाणी जवळ हवे, पण उशाशी नको. पाणवठ्यापासून साठ-सत्तर मीटर तरी दूर राहावे. रात्री त्याच पाण्यावर रानडुकरे, भेकरे आणि क्वचित बिबट्याही येतो, आणि आपण वाटेत झोपलो तर त्यांना पाणी मिळत नाही. शौचालाही पाण्यापासून तितक्याच अंतरावर, उताराच्या विरुद्ध अंगाला जावे आणि वीतभर खोल खड्डा करून तो बुजवावा. ओढ्याच्या कोरड्या पात्रातील वाळू मऊ आणि मोहक दिसते. तिथे तंबू लावू नये. एप्रिल-मेमधील वळवाचा पाऊस किंवा ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस वरच्या डोंगरात पडला, तर आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही पात्रात लोंढा येतो. काठावर झाडांच्या बुंध्यांत अडकलेला पाचोळा आणि काटक्या ज्या उंचीवर दिसतात, तिथवर पूर येऊन गेलेला असतो. त्याच्या वरच राहावे.

दरीच्या अगदी तळाला हिवाळ्यात थंडी अधिक झोंबते, कारण थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून खाली येऊन साचते. वीस-तीस मीटर वरची सपाटी त्या मानाने उबदार लागते. याउलट कोकणाकडे तोंड करून असलेल्या कड्यांच्या काठाला वाऱ्याचा मारा असतो. हरिश्चंद्रगडावरील कोकणकड्याच्या टोकाशी तंबू लावून सूर्यास्ताचे छायाचित्र काढण्याची हौस पुष्कळांना असते, पण रात्री वारा फिरला म्हणजे तंबूचे खांब वाकतात, आणि अंधारात कड्याजवळ उठणे जीवघेणे ठरू शकते. एखाद्या उंचवट्यामागे, कड्यापासून चांगले दूर राहावे.

गवत आखूड कुरतडलेली, झाडाखालची सपाट, सावलीची जागा पहिल्या नजरेत फार चांगली वाटते. ती बहुधा गुरांच्या दुपारच्या बसण्याची जागा असते आणि तिथे गोचिडांचा सुळसुळाट असतो. शेणाचे जुने पापुद्रे दिसले तर पुढे जावे. दगड हाताने उचलू नयेत, काठीने उलथावेत. फुरसे आणि विंचू त्यांच्याखाली असतात. गुहेत किंवा कातळाच्या कपारीखाली झोपण्यापूर्वी छताकडे पाहावे. आग्या मोहोळाचे काळे पोळे किंवा मेणाचे जुने डाग दिसले तर तिथे चूल पेटवू नये, उग्र अत्तर लावू नये, आरडाओरडा करू नये. शक्यतो ती जागाच टाळावी.

जानेवारीपासून गवत आणि कारवी वाळून कोळ होतात. एका ठिणगीने पेटलेला वणवा सगळा उतार घेऊन जातो, आणि अभयारण्यात आग लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेकोटीचा मोह सोडून छोटा गॅस शेगडीचा संच ठेवावा, आणि तोही उघड्या कातळावर पेटवावा.

प्रत्यक्ष वाटेवर

आता हे सारे रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, समजा जानेवारीच्या अखेरीस, लावून पाहू. सुरुवात भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाशी असलेल्या रतनवाडीतून होते. अमृतेश्वराचे दर्शन घेऊन, गावातच बाटल्या भरून आणि गडावरच्या टाक्यांची ताजी स्थिती विचारून निघावे. जंगलातील वाट प्रवरेच्या सुरुवातीच्या प्रवाहाला धरून जाते. तिथे या दिवसांत पाणी असलेच तर ते वरकड समजावे. पुढे फाटा लागतो: एक वाट शिड्यांकडे, म्हणजे रतनगडावर जाते आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. गडावर जायचे असल्यास संध्याकाळी टाक्यावर पोहोचताच, उजेड असतानाच, रात्रीचे आणि दुसऱ्या सकाळचे पाणी भरून ठेवावे. शिड्यांच्या वाटेने अंधारात पाण्यासाठी खाली येण्याची वेळ येऊ देऊ नये.

दुसरा दिवस या वाटेतील कोरडा दिवस मानावा. फाट्यावर परत येऊन कात्राबाई खिंड चढायची आणि पलीकडे कुमशेतला उतरायचे. खिंडीत किंवा उतारावर पाणी मिळेल असे गृहीत न धरता गडावरूनच माणशी चार लिटर घ्यावे. कुमशेतला दुपारी पोहोचले तर लगेच पुढे जाण्याचा मोह होतो, पण पहिल्या दिवशीच्या चढाने पाय जड झालेले असतील तर तिथेच राहणे चांगले. तिसऱ्या दिवशी मुळा नदीचे पात्र ओलांडून पेठेच्या वाडीवरून पाचनईला जाता येते. पात्रातील डोहाचे पाणी हातपाय धुवायला घ्यावे आणि पिण्याचे वाडीत भरावे.

पाचनईहून गडावर जाणारी वाट मोठ्या कातळाच्या पोटाखालून आणि मग ओढ्याच्या सोबतीने चढते. ती सोपी आहे, म्हणून दुपारचे ऊन टाळून चारनंतर निघावे. वर हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराच्या परिसरात टाकी आहेत. त्यांतील पिण्याचे कोणते, ते तिथे झोपड्या चालवणाऱ्या पाचनईच्या लोकांना विचारावे. पुष्करणीचे आणि केदारेश्वराच्या गुहेतील पाणी पिण्यासाठी घेऊ नये. तिथे लोक आंघोळी करतात. कोकणकड्यावर जाताना पाणी मंदिरापाशीच भरून न्यावे आणि बॅटरी बरोबर ठेवावी.

उतरताना खिरेश्वरची वाट धरली तर टोलार खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे आणि त्यावर सकाळी दहानंतर ऊन तापते. मंदिरापासून खिंडीपर्यंत एकामागून एक टेकाडे ओलांडावी लागतात, म्हणून उजाडताच निघावे आणि शेवटचा दिवस आहे म्हणून बाटल्या अर्ध्या भरण्याची चूक करू नये. माणशी निदान तीन लिटर घ्यावे, आणि गाडीरस्ता लागेपर्यंत त्यातील अर्धा लिटर राखून ठेवावे.